मागे बसणारा

साळवे सरांनी पुन्हा हॉर्न वाजवला, तरी वरच्या मजल्यावरून किशोर काही उतरेना. अंबरपेठेतल्या त्या बोळात इडलीच्या हातगाडीपाशी उभे असलेले लोक स्कूटरकडे आणि सरांच्या कडक इस्त्रीच्या सदऱ्याकडे बघू लागले. मलकपेठच्या चर्चमधली मराठी उपासना सुरू व्हायला आली होती. त्यात आज प्रभुभोजनाचा, प्रभूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा रविवार, आणि सर काही उशिरा पोचणाऱ्यांतले नव्हेत.

किशोर म्हणजे त्यांच्या मुलाचा, सुमितचा मित्र. अपघात झाला त्या पहाटे मोटारसायकल तो चालवत होता आणि सुमित मागे बसला होता. किशोरला डुलकी लागली. सुमित गेला, किशोर वाचला, पण पायानं कायमचा अधू झाला.

सरांनी जन्मभर कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं. मन वळत नसेल तर आधी हात वळवावा, मन मागून येतं, असं ते मुलांना सांगत. माफ करायचं ही तर प्रभूची आज्ञाच होती, पण आज्ञेनं पोटातली आग थोडीच विझते? म्हणून त्यांनी स्वतःवरच प्रयोग लावला. दर रविवारी किशोरला घरून घ्यायचं, चर्चला न्यायचं, परत आणून सोडायचं. दातओठ खाऊन का होईना, पण चुकवायचं नाही. वर्षं लोटली. मन मागून आल्याचं काही त्यांना दिसलं नाही. आपण नुसते ढोंगी आहोत ही बोच तेवढी वाढत गेली, आणि आज मनात राग ठेवून कोणत्या तोंडानं प्रभुभोजन घ्यावं हे त्यांना कळत नव्हतं.

शेवटी ते जिना चढले. दार लोटलेलंच होतं. आई गावी गेलेली, आणि किशोर एकटाच गोधडीत कुडकुडत पडला होता.

सरांनी सरळ त्याच्या कपाळावर हात ठेवला.

"अरे, भट्टी झालीय नुसती. फोन नाही का करायचा?"

"थोडा बुखार हाय सर. तुम्ही जावा, उपासना चुकंल."

"चुकू दे."

त्यांनी फडकं ओलं केलं, घडी घालून त्याच्या कपाळावर ठेवलं. किशोर त्यांच्या हाताकडे बघत राहिला.

"आज हात थरथरला नाही तुमचा."

"म्हणजे?"

"गाडीवर चढताना मला हात देत होता नं, तवा दर बारी थरथरायचा. आरशात डोळे बी दिसायचे तुमचे. मला समजत होतं सर."

सरांनी फडकं उलटून ठेवलं. इतकी वर्षं झाकून ठेवलेलं या पोराला पहिल्या रविवारपासून उघडं दिसत होतं.

"मग येत का होतास रे? नक्को म्हणायचं होतं."

"भ्याव वाटायचं. शनिवारी झोप नाही लागायची." किशोरनं डोळे मिटून घेतले. "पण मी मागं बसलोच नसतो, तर तुम्ही माफ कुणाला केलं असतं?"

सरांच्या अंगावर सरसरून काटा आला. देवळात, चर्चमध्ये, कुठंच त्यांना असं कधी झालं नव्हतं. घाईत आपण बूट घालूनच आत शिरलोय, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. ते उठले, बाहेर जाऊन बूट काढले, आणि अनवाणी परत येऊन किशोरच्या उशाशी जमिनीवर बसले.