येणाऱ्या बाईंचे प्रश्न

तिनं नवऱ्याच्या पुढ्यातला लॅपटॉप ओढून घेतला, त्यावर उघडून ठेवलेलं तीन देशांचं हवामान एकेक करून बंद केलं आणि खुर्ची सरकवून बसली.

“अगं, मी बघत होतो,” नवरा म्हणाला.

“दिवाळखोर माणसानं बंगले बघावेत तसा बघतोयस. ऊठ, मला काम आहे.”

हे काम मुख्याध्यापकांनी तिच्या गळ्यात मारलं होतं. परदेशातल्या या शाळांची रीतच उफराटी. वर्ष अर्धं सरत नाही तोच विचारतात, पुढच्या वर्षी आहात की निघालात? निघालो म्हटलं की जागा लगेच जाहीर होते. मग तुम्हाला दुसरीकडे नोकरी लागो न लागो. या दोघांनी निघालो म्हणून सांगून टाकलं होतं आणि तेव्हापासून घोंगडं भिजत पडलं होतं. नवरा भौतिकशास्त्राचा मास्तर, त्याला सगळीकडून मागणी. पण त्याच शाळेत बालवर्गाच्या बाईला जागा हवी ना? दोघांची सोय झालीच, तर तिथे लेकीसाठी अकरावी नसायची. अकरावी असली, तर तिथली हवा नवऱ्याच्या दम्याला बाधायची. आणि निघायचं तर यंदाच. अकरावीला बसली की दोन वर्षं मुलीला हलवता येत नाही.

इकडे त्यांच्या जागी मात्र एक जोडपं जवळजवळ ठरलं होतं. होकार देण्याआधी येणाऱ्या बाई जाणाऱ्या बाईंशी बोलतात, हीही इथली रीत. त्यात त्या बाई मराठीच निघाल्या, त्यामुळे मुख्याध्यापकांना कोण आनंद. त्या जोडप्याचा होकार आला की तुमची जागा गेलीच, तोवर विचार बदलला तर सांगा, हे मुख्याध्यापकांनी हसत हसत सांगून ठेवलं होतं. थोडक्यात, स्वतःच्या खुर्चीवर दुसरीला स्वतःच्या हातानं बसवायचं आणि वर खुर्चीची तारीफही करायची.

लेक पलंगावर पाय पसरून वाचत होती. लहानपणी बुटकी म्हणून पिटू हे नाव पडलं. आता ती आईपेक्षा उंच होती. पिटूला कुठल्याही देशाबद्दल विचारलं की एकच उत्तर, “चालेल.” थंडी चालेल, उकाडा चालेल, चहूबाजूंनी समुद्र असला तरी चालेल. घरात दुधी केला तर तोंड वाकडं करणारी मुलगी देश बदलायला मात्र चालेल म्हणते, याचा आईला भयंकर वैताग यायचा. अगं, काहीतरी धड बोल, म्हणून ती कितीदा खेकसली होती. नवऱ्याला याचंच कौतुक. आमच्या पोरीचा काही त्रासच नाही, असं तो ज्याला त्याला सांगायचा.

पडद्यावर येणाऱ्या बाई दिसल्या. हसऱ्या, केस घाईनं बांधलेले. तिनं त्यांना सगळं सांगितलं. बालवर्गाच्या खोलीत सकाळी ऊन येतं. घर शाळेचंच मिळतं, गच्ची मोठी आहे, पण स्वयंपाकघरातला नळ किती दुरुस्त केला तरी गळतोच. वर राहणारे संगीतशिक्षक रियाज करतात, पण वेळेवर थांबतात. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की आपण मनापासून बोलतोय, आणि त्याचाही तिला राग आला.

“इतकं चांगलं आहे, मग तुम्ही का निघालात, ताई?”

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो संत्रं सोलण्यात गढून गेला होता.

“पाच वर्षं झाली ना,” ती म्हणाली. पाच वर्षांनी माणूस नासतो की काय, असं त्यावर कुणीही विचारलं असतं.

येणाऱ्या बाईंनी विचारलं नाही. त्यांचं दुखणं निराळंच होतं. त्यांची मुलगीही दहावीत, आणि ती यायला मुळीच तयार नव्हती. तुमची मुलगी तिच्याशी जरा बोलेल का, असं त्यांनी अगदी अजिजीनं विचारलं. पिटू उठली, केस मागे सारून खुर्चीत बसली. आई स्वयंपाकघरात गेली. मागोमाग नवराही आला आणि दबक्या आवाजात पुन्हा दम्याला कोरडी हवा कशी बरी हे सांगू लागला. ती भांडी उगाच जोरात ठेवत राहिली.

बाहेर पिटू गणिताच्या सरांच्या नकला करत होती. पडद्यावर आलेली ती मुलगी हसली. मग तिनं हळूच विचारलं, मैत्रिणींचं काय?

“होतात. पण आधी बघून घ्यायचं, कायमची इथली कोण आणि जाणारी कोण. जाणारीशीच मैत्री करायची. तीही बेतानंच जीव लावते. इथल्या मुली फार जीव लावतात, मग निघताना वाट लागते.”

“तू तसंच करतेस?”

“आधीच्या दोन्ही शाळांत केलं. इथे चुकलं माझं.”

नवरा बोलता बोलता थांबला.

“आणि घरी विचारलं ना, तर चालेल म्हण,” पिटू सांगत होती. “नको म्हटलं की दोघं भांडतात. मग आई रडते, बाबा गप्प बसतात, आणि जायचं ते जायचंच.”

आईच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. आपण या पोरीवर कशाकशासाठी खेकसलो, ते एकेक आठवून तिला स्वतःची शरम वाटली. नवऱ्यानं तिच्या हातून पातेलं घेतलं आणि ते कुठे ठेवायचं हे न सुचून तो तसाच उभा राहिला.

“आई, झालं माझं,” पिटूनं हाक मारली. “चांगली आहे ती.” आणि ती पुन्हा पलंगावर जाऊन पुस्तकात शिरली.

आई पुन्हा खुर्चीत येऊन बसली. पडद्यावर येणाऱ्या बाईंचा चेहरा खुलला होता.

“कसं समजावलं हो तुमच्या मुलीनं. आमची एकदम तयारच झाली. आता आम्ही आजच होकार कळवून टाकतो.”

“आज नका कळवू,” ती म्हणाली.

दाराशी नवरा पातेलं घेऊन उभा होता.

“का हो? काही अडचण आहे का?”

“एक दिवस थांबा. मला मुलीशी बोलायचंय.”

“आत्ताच तर इतकं बोलली की ती.”

“तुमच्या मुलीशी बोलली,” ती म्हणाली. “आमच्याशी अजून बोललेली नाही.”