भिंतीपलीकडची धडधड

खर्जाचा आवाज देणाऱ्या नव्या सबवूफरवर ढोलाचे ठोके लावून धाकटा सोफ्यावर बसला, पण तिथे हूं नाही की चूं नाही. त्याने चरफडत आवाजाचं बटण पिळून पार टोकाला नेलं. तरी तेच. शेवटी तो रांगतच कोपऱ्यातल्या सबवूफरच्या खोक्यापाशी गेला, तर सोफ्यापाशी विरणारा खर्ज इथे कोपऱ्यात साचून भिंत थरथरत होती! आणि याच भिंतीला पलीकडून आप्पांचा, त्याच्या वडिलांचा, पलंग टेकलेला.

तेवढ्यात आप्पाच दारात आले, हात छातीवर.

"अरे, मघापासून छातीत नुसतं धडधडतंय."

त्याने झटकन खोकं बंद केलं आणि ओशाळून हसला. "आप्पा, हा याचाच प्रताप. आता थांबलं ना?"

आप्पांनी चौकट घट्ट धरली.

"नाही रे."