हातदेवी

आमच्या गावाच्या शिवेवर हातदेवी आहे, शेंदूर माखलेला उभा दगड. सासरी निघालेल्या लेकीचा हिरवा चुडा आधी तिच्यापुढे ठेवायचा आणि मग लेकीच्या हातात भरायचा, अशी रीत. माझ्या ज्योतीचा चुडा सहा वर्षांपूर्वी मीच ठेवला होता. ती परत सासरी निघाली, त्या दिवशी पुन्हा ठेवायला निघाले होते.

ज्योती महिनाभर माहेरी होती. पाठीवर तापल्या उलथन्याचे डाग होते. तिच्या चार वर्षांच्या लेकाला, रुद्रला, सासूने ठेवून घेतलं होतं. आमच्या मालकांनी, व्यंकटरावांनी, जावयाला तिला परत धाडायचा शब्द दिला आणि शेजारच्या गोरेगावहून जीप बोलावली.

देवीजवळ माझी भाची पल्लवी सकाळीच वही घेऊन बसली होती. ती कॉलेजात कलेचा इतिहास शिकायला नुकतीच लागली आहे. पहिलाच धडा असा, की एक जुना दगड तासभर नुसता बघायचा आणि दिसेल तेवढंच लिहायचं. देव म्हणायचं नाही, देवी म्हणायचं नाही.

"काय गं, दगड काही बोलून राहिला का?" ज्योतीने विचारलं.

पल्लवी हसली नाही. तिने वही माझ्याकडे दिली. मला अक्षरं पन्नाशीनंतर आली, म्हणून बोट ठेवून वाचलं. कोपरात वाकलेला हात. मनगटात बांगड्या. वर चंद्र-सूर्य. खाली, शेंदूर पातळ आहे तिथं, आडवा पडलेला पुरुष आणि शेजारी बाई.

"हे तर आमाला ठाऊकच हाय," मी म्हणाले.

"मग नुसता हातच काहून कोरला, आत्या? नवरा मेला तरी बांगड्या फुटल्या न्हाईत. कारण ती त्याच्यासंगं सरणावर जळली. अशा बाईचा असाच दगड उभा करायचे. सरांनी आमाला असे चार फोटो दाखवले."

मी सून होऊन गावात आले तेव्हा माझा चुडाही इथंच ठेवला होता. माझ्या सासूचाही.

"ज्योते, तू जाऊ नको," मी म्हणाले.

"आन् रुद्र?"

जीपचा हॉर्न वाजला. मालक जवळ आले. "उरकलं का न्हाई?"

"हा सती गेलेल्या बाईचा दगड हाय. इथं चुडा ठेवायचा न्हाई. पोरगीबी धाडायची न्हाई."

"पहिल्या वर्षाच्या पोरीचं ऐकून संसार मोडती व्हय? शब्द दिलाय मी."

ज्योती जीपमध्ये बसली. मीही तिच्या शेजारी चढले.

"तू कुठं?" मालकांनी विचारलं.

"लेकरू आणाया."

दोन दिवस मी जावयाच्या ओसरीवर बसले. रुद्र दारातून डोकावायचा, ज्योतीची सासू त्याला आत ओढायची. लेकरू त्यांनी दिलं नाही. लेकराला सोडून ज्योती निघाली नाही. तिसऱ्या दिवशी जावयाने माझी पिशवी रस्त्यावर नेऊन ठेवली.

ज्योती चुलीपुढे होती. मी दोनदा हाक मारली. तिने मान वळवली नाही.