आनंदीबाईंनी चहा नाकारला

पार्लरवाल्या द्वारकाने वरच्या ओठावर पावडर लावली, कोमट मेण पसरलं, पट्टी दाबली आणि "झालं हं, आजी" म्हणता म्हणता ओढलीसुद्धा. आनंदीबाईंच्या डोळ्यांतून टचकन पाणी आलं. काल मनगटावर मेण लावून पाहिलं तेव्हा काहीच झालं नव्हतं. पण मनगट कुठे आणि ओठ कुठे!

सुती कापडात गुंडाळलेला बर्फ टेकवून द्वारकाने वर कोरफडीचा गर लावला.

"उद्यापर्यंत ऊन नाही, हळद नाही, हात लावायचा नाही. गरम चहासुद्धा नाही."

"चहा न्हाई?" बाकी सगळं आनंदीबाईंना झेपलं असतं.

परवा नातीचा, मुलाच्या म्हणजे विश्वजीतच्या ऋतुजाचा साखरपुडा. फोटोत नीट दिसावं एवढीच त्यांची हौस. धास्ती होती ती नवऱ्याची. बजरंगरावांच्या तोंडाला हाड नाही. कळलं तर साखरपुडाभर चेष्टा करतील. म्हणून लाली उतरेपर्यंत तोंड झाकायचं आणि गप्प बसायचं, असं ठरवून त्या तोंडाला पदर लावून वारज्यातल्या घरी परतल्या.

चार वाजता त्यांनी एकच कप बजरंगरावांपुढे ठेवला.

"तुझा?"

आनंदीबाईंनी नकारार्थी मान हलवली.

"ताप हाय का?"

पुन्हा नकार. बजरंगराव गांगरले. ही बाई भांडायचीसुद्धा ती आधी चहा पिऊन. म्हणजे हा राग आजचा नव्हता, जुना होता. ते कपाचा कान चाचपत राहिले.

"विश्वजीतच्या लग्नात, भर पंगतीत मी म्हणालो व्हतो, हिला माझ्यापेक्षा बऱ्या मिशा येतात म्हून. समदी हसली, तूबी हसलीस. पर तू जेवली न्हाईस, ते मी बघितलं व्हतं." त्यांनी घसा खाकरला. "तीस वर्सं झाली. चुकलं माझं."

आनंदीबाईंना भडभडून आलं. ते बोलणं आपल्या एकटीच्याच मनात राहिलंय, असं त्या समजून चालल्या होत्या. डोळे पुसायच्या नादात पदर सुटला.

बजरंगरावांनी तो लालबुंद, चकचकीत ओठ पाहिला. आता काय ऐकावं लागणार, म्हणून आनंदीबाईंनी जीव मुठीत धरला.

"दुखतंय?"

"थोडं. गरम चालत न्हाई."

त्यांनी अर्धा चहा बशीत ओतला. फुंकर घातली, बोट बुडवून पाहिलं आणि पुन्हा फुंकर घालू लागले.