बटणचे खड्डे

कुत्रं आणायची कल्पना माझी नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. ती नवऱ्याची. वडिलांना सोबत होईल म्हणून एका संध्याकाळी तो ऑफिसच्या बॅगेतून मूठभर प्राणी घेऊन आला. काळा, गोल, चपटा. म्हणून नाव पडलं बटण. ज्यांना सोबत व्हायची त्या माझ्या सासऱ्यांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, याचं करायचं काय म्हणून विचारलं आणि उत्तराची वाट न बघता कूस बदलली.

सासरे फरशी बसवणारे मिस्त्री. उभा जन्म लोकांच्या जमिनी सपाट करण्यात गेला. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय बराचसा सावरला, उजवा हात मात्र तसाच राहिला. आणि मी कोण? फिजिओथेरपिस्ट. दिवसभर दवाखान्यात परक्या माणसांचे हात वर करून घ्यायचे, आणि घरी आलं की सख्खे सासरे साधा रबरी चेंडू दाबायला तयार नाहीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. एकदा कशीबशी त्यांनी बोटं मिटली, तर मी सवयीने बोलून गेले, "छान हं, बाबा. अजून एकदा." त्यांनी चेंडू खिडकीतून मागच्या अंगणात भिरकावला. तोही डाव्या हाताने. हे असले पोराटोरांचे खेळ आपल्याला सांगायचे नाहीत, असं वर ऐकवलं.

तो चेंडू बटणने उचलला आणि पुरला. मग कुठे पुरला ते विसरला. तिथून आमच्या अंगणाची वाट लागली.

अंगण ते केवढं, दोन खाटा टाकल्या की संपलं. तेवढ्यात या दीडवितीच्या प्राण्याने माझी सगळी रोपं मुळासकट वर काढली. मी मातीवर मिरपूड टाकली. तो दोनदा शिंकला, मी दिवसभर शिंकत राहिले. कोणीतरी संत्र्याची सालं टाकायला सांगितली, ती त्याने खाल्ली. दगड रचले तर दगडांच्या शेजारी खणलं. दमला की झोपेल म्हणून सकाळ-संध्याकाळ फिरवून आणायला लागले, त्यात दमले मी. शेवटी मातीखाली जाळी पसरली, तेव्हा कुठे तो थंडावला. चार दिवस अंगण तसंच्या तसं राहिलं. मी नवऱ्यासमोर जरा मिरवूनही घेतलं.

आणि पाचव्या दिवशी भिंतीकडेला, जिथे जाळी पुरली नव्हती, तिथे खड्डा.

त्यानंतर रोज एक. मी कामावरून यायचा अवकाश, सासरे दारातच बातमी द्यायचे, "खणलं बघ तुझ्या कुत्र्याने." एरवी माझ्याशी दोन शब्द न बोलणारा माणूस, पण हे सांगताना त्यांना कोण समाधान. हल्ली खड्डेही वेगळे होते. कडा सरळ, माती एका बाजूला नीट ढीग करून ठेवलेली. मी नवऱ्याला म्हटलंसुद्धा, की कुत्रं दिवसेंदिवस हुशार होत चाललंय, आता कामात सफाई आली आहे. त्याचे पंजे स्वच्छ असायचे, तर मला वाटायचं, लबाड आहे, चाटून पुसून ठेवतो. रागाच्या भरात माणसाला डोळे असून दिसत नाही.

मग एका संध्याकाळी कपडे काढायला मागे गेले आणि पाय खड्ड्यात गेला. दुसऱ्यांचे घोटे सरळ करणारी मी, स्वतःचा घोटा धरून मातीत बसले. समोर बटण शेपूट हलवत उभा. तिथेच बसून मी जाहीर केलं, की रविवारी हा या घरातून जाणार म्हणजे जाणार. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाचं गावाबाहेर मोठं आवार होतं, तो घ्यायला तयारही झाला. सासरे त्या रात्री जेवलेही नाहीत धड. मला वाटलं, पोट बिघडलं असेल.

शनिवारी मी बटणला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. दुसऱ्याच्या घरी पाठवायचा तर निदान नखं कापून पाठवावा. सकाळी आम्ही निघालो तेव्हा अंगण मी स्वतः पाहिलं होतं, सपाट होतं. दुपारी परतलो तर भिंतीकडेला नवाकोरा खड्डा, माती अजून ओली. बटण माझ्या काखेत. मी खड्ड्याकडे पाहिलं, त्यानेही पाहिलं. नंतर आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

उलट्या बादलीखाली थापी सापडली, मिस्त्रीकामाची, पात्याला ओली माती. मी ती होती तशी ठेवली, बटणला खाली सोडलं, जरा पडते म्हणून सासऱ्यांना सांगितलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीआड उभी राहिले.

थोड्या वेळाने सासरे पाट घेऊन आले. पाट मांडून बसले. डावा हात मांडीखाली दाबून ठेवला, म्हणजे तो मध्ये लुडबुडायला नको. उजव्या हाताने थापी उचलली. ती पडली. पुन्हा उचलली. चेंडूवर न मिटणारी ती बोटं थापीच्या मुठीभोवती हळूहळू मिटली आणि त्यांनी खड्डा बुजवायला घेतला. बुजवून, वरून थापीने सपाट करून झाल्यावर शेजारी नवा सुरू केला. बटण जाऊन त्यांच्या पायाशी पसरला, जणू हे रोजचंच. रोजचंच होतं. मला आधी राग आला, मग रडू आलं, मग पुन्हा राग आला. सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण सांगितलं असतं तर मी "छान हं, बाबा" म्हटलं असतं, हेही मला ठाऊक होतं. मी गप्प बसायचं ठरवलं. कुत्र्याला कसं वाचवायचं, ते त्यांचं त्यांना बघू दे.

रात्री जेवताना नवरा म्हणाला, की सकाळी दहाला तो माणूस गाडी घेऊन येतोय. सासरे डाव्या हातातल्या चमच्याने ताटात नुसतं ढवळत होते. मी वाट पाहत होते. हा माणूस आता गप्प राहिला तर मी त्याला आयुष्यात माफ करणार नाही, इथवर माझी मजल गेली होती.

"कुत्रं कुठे जाणार नाही," ते ताटात बघत म्हणाले. "खड्डे माझे आहेत."

नवरा हसला. म्हातारा कुत्र्याला पाठीशी घालतोय, असंच त्याला वाटलं. आणि मी, मला कुठून सुचलं देव जाणे, म्हणाले, "थापा नका मारू, बाबा. त्या हाताने तुम्हाला चमचा धरवत नाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जीव अर्धा झाला. मग उजवा हात टेबलाखालून वर आला. पाण्याच्या तांब्याभोवती बोटं मिटली. तांब्या उचलला, थरथरला, पेल्यावर कलला, पेला भरला आणि थोडं पाणी टेबलावर गेलं. नवऱ्याचा घास हातातच राहिला. शब्द माझ्या अगदी ओठांवर आले होते, रोजचे, दवाखान्यातले. मी ते गिळले.

"सांडलंत," मी म्हटलं. "पुसून घ्या."

त्यांनी फडकं ओढलं आणि पुसलं. त्याच हाताने, कोपऱ्यापर्यंत, एक थेंब न ठेवता.

बटण राहिला. रविवारी सकाळी मागचं दार उघडलं तर पायरीखालीच, जाळी संपते तिथे, खड्डा, वेडावाकडा, माती चहूकडे उडालेली, आणि तळाशी तो रबरी चेंडू. मी घर डोक्यावर घेऊन सासऱ्यांना हाक मारली.

"तो माझा नाही," ते आतून ओरडले. "माझ्या खड्ड्याच्या कडा बघ आणि याच्या बघ." आणि थापी घेऊन तो बुजवायला आले.