चाकावरचा अंगठा

कापूसताईने बशीवरचं झाकण उचललं आणि चटकन तोंड फिरवलं. आंबलेल्या मोज्यांसारखा वास होता.

आतल्या जेलीवर पिवळट, चिकट ठिपक्यांचा एक अंगठा उगवला होता. अगदी अंगठाच. मधली आडवी रेघ तेवढी कोरी.

परग्रहावर निघालेल्या रोव्हरला सहा चाकं. प्रत्येक चाकावर तिने एकेक बशी अलगद दाबून घेतली होती आणि उबदार कपाटात ठेवली होती. चाकावर जंतू असले, की ते जेलीवर वाढतात आणि नुसत्या डोळ्यांना दिसू लागतात. रोव्हर तिथल्या मातीत जीव शोधणार. जाताना आपलेच जंतू नेले, तर तिथे सापडतील तेही आपलेच. म्हणून ताईने ‘स्वच्छ’ म्हटल्याशिवाय गाडी जागची हलत नसे. सदा कापसाचे बोळे घेऊन पुसत फिरते, म्हणून ती कापूसताई.

बशी घेऊन ती मोहिमेच्या प्रमुखांच्या खोलीत गेली. त्यांना सगळे दादा म्हणत. ते संत्रं सोलत होते. समोर चाकांचा इंजिनियर बसला होता. बशी पाहताच तो खुर्चीसकट मागे सरकला.

"शी! खायच्या वेळी काय दाखवतेस गं ताई? कुणाची ही घाण?" तो ओरडला.

"दादा, अंगठा दाखवा."

दादांनी रस ओघळणारा अंगठा वर केला. त्यावर जुनी आडवी खोक होती.

"म्हणजे मीच सगळ्यांना अंगठा दाखवला म्हणायचं!" ते हसले. ती हसली नाही. "अगं, एकदाच. इतकी वर्षं खपून जी बांधली, तिला निरोप काय हातमोज्यातून द्यायचा?"

"किती गलिच्छ, दादा," इंजिनियर म्हणाला.

"तेवढी बोटभर जागा पुसून टाक ना. चाकं काढून भट्टीत तापवत बसलो, तर यंदाची वेळ हुकेल. ग्रह पुन्हा जवळ यायला दोन वर्षं."

बोलता बोलता दादांनी बोटं विजारीला पुसली आणि त्याच बोटांनी संत्र्याची फोड तिच्यापुढे धरली. तिने बशीवर झाकण घट्ट बसवलं.

"एकाच चाकावर असेल, तर पुसते," ती म्हणाली. "बाकीच्या बशा उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांना मोठ्या टेबलाशी बोलावलं आणि सहाही बशा ओळीने मांडल्या.

दुसऱ्या बशीत एक करंगळी होती. तिसरीत तळहाताची कड, केसाळ बुरशीने मऊ झालेली. चौथीत आणि पाचवीत आणखी दोन अंगठे. कुणीतरी म्हणालं, "निघायच्या आधीच वस्ती झाली की!" पण हसायला कुणी साथ दिली नाही. एकेक करून हात खिशात गेले.

"प्रत्येकाला वाटलं, आपण एकटेच, आणि एकदाच," ताई म्हणाली. "चाकं काढा."

"मग यंदा राहिलंच," दादा पुटपुटले.

"राहिलं."

तिने सहावी बशी पुढे सरकवली. तिच्यात बोट नव्हतं. करड्या, ओलसर ठिपक्यांचे दोन ओठ उमटले होते, किंचित चंबू केलेले. मास्क खाली ओढल्याशिवाय असे उमटणं शक्यच नव्हतं.

"ईऽऽ!" सगळे एकदम ओरडले.

ताईने मान वर केली, तेव्हा चाकांचा इंजिनियर बाहीने तोंड पुसत होता.