दोन्ही बाजू

लॅक्लन ट्रेगेन्झाने रग्बी सोडली, त्याचा निरोप समारंभ परवा आमच्या यारागुन्नाच्या क्लबात झाला. भाजलेले सॉसेज, बिअर आणि भाषणं, तिन्ही रग्गड. अध्यक्ष छाती फुगवून म्हणाले, "देशाचा हा प्रॉप उजव्या बाजूसाठीच जन्माला आला होता!" लोकांनी टाळ्या पिटल्या. मला इतकं हसू आलं की बिअर नाकात गेली. जन्माला आला होता म्हणे! अहो, खरं काय ते मला विचारा ना. मी कोल बॅसिंगथ्वेट, याच क्लबाचा जुना उजवा प्रॉप. आणि लॅक्लन एकोणतिसाव्या वर्षापर्यंत फक्त डावीकडे खेळला होता.

तुम्ही म्हणाल, डावं काय नि उजवं काय, ढकलायचंच तर आहे. असं म्हणणारे सिडनीतही ढिगाने भेटतात, मला त्यांची कीव येते. स्क्रममध्ये आमचे आठ त्यांच्या आठांना खांदे भिडवतात. पुढच्या फळीत मधोमध हूकर आणि त्याच्या दोन्ही अंगांना प्रॉप. डाव्या प्रॉपचं डोकं कडेला असतं, एक कान मोकळ्या हवेत. उजव्याचं डोकं समोरच्या दोघांच्या मधे चेपलेलं, दोघांचंही ओझं त्याच्याच मानेवर. उजव्या हाताच्या माणसाने एकदा डाव्या हाताने दाढी करून बघावी, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

तर झालं असं. लॅक्लन तेव्हा राज्याच्या संघात होता आणि सुट्टीला गावी आला होता. आम्ही पबमध्ये बसलो असताना त्याचा फोन वाजला. पलीकडे देशाच्या संघाचे प्रशिक्षक. उजवे प्रॉप एकामागून एक जायबंदी झालेले, आणि इंग्लंडविरुद्धची कसोटी तोंडावर आलेली.

"दोन्ही बाजूंनी खेळतोस ना?" त्यांनी विचारलं.

या प्रश्नाला प्रॉप जमातीतला प्रत्येक गाढव जे उत्तर देतो, तेच यानेही ठोकून दिलं. "हो तर! दोन्ही बाजूंनी."

"मग पुढच्या आठवड्यात शिबिराला ये."

पबमध्ये नुसता दंगा उसळला. लॅक्लनने मात्र मला बाहेर ओढलं. चेहरा पांढराफटक.

"कोल, मेलो रे मी."

"मर की! थाप मारताना मला विचारलं होतंस?"

"नाही म्हटलं असतं तर दुसऱ्याला घेतलं असतं. या वयात परत कोण बोलावतंय मला? पण तिथे आडवा झालो तर?"

"तर सगळ्या देशासमोर आडवा होशील. परत तुझं नावही काढणार नाहीत."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, लपवून काय करू? उजवीकडची ती जागा मी उमेदीची सगळी वर्षं मान झिजवून सांभाळली. मला कुणाचा फोन आला नाही. आणि हा डावखोरा थाप मारून तिथे निघाला होता! तरी मी म्हणालो, "सकाळी मैदानावर ये. नाश्ता करून येऊ नकोस, ओकशील."

मग मी आणि आमचा हूकर फर्गस, दोघं त्याच्या समोर उभे राहिलो. फर्गस पेशाने जनावरांचा डॉक्टर. आम्ही दोघं मिळून लॅक्लनला रोज मातीत गाडत होतो.

"कोपर!" मी ओरडायचो. "उजवं कोपर वर! कोपर पडलं की खांदा पडतो, खांदा पडला की तू पडलास!"

"मान तुटली रे, कोल!"

"तुटू दे. फर्गस आहे ना."

"मी घोड्यांच्या बघतो," फर्गस म्हणायचा. "घोड्याची मान मोडली तर आम्ही गोळी घालतो."

शिबिराला निघायच्या दिवशी लॅक्लनची मान वळेना. बाजूला बघायचं तर अख्खं धूड वळवायचा. पण त्या सकाळी आम्ही दोघांनी जीव तोडून रेटलं आणि पठ्ठ्या जागचा हलला नाही.

कसोटीला मी सिडनीला गेलो. लॅक्लन राखीव खेळाडूंत बसलेला. उत्तरार्धात आपला उजवा प्रॉप लंगडत बाहेर आला आणि याला आत धाडलं. समोर इंग्लंडचा डावा प्रॉप, हा एवढा थोरला. पहिल्याच स्क्रममध्ये त्याने लॅक्लनला खालून उचलून असा काही दुमडला की माझे डोळेच मिटले. दंड आपल्यावर. त्यांनी चेंडू खांबांमधून मारला आणि आपली आघाडी दोन गुणांवर आली. माझ्या मागचा एक शहाणा ओरडला, "कुठून पकडून आणला रे याला?" मी वळून त्याला दोन शिव्या हासडल्या. पण उत्तर मला माहीत होतं.

पुढच्या स्क्रमला लॅक्लन रेटला गेला, पण पडला नाही.

आणि मग अगदी शेवटी, आपल्या गोलरेषेपासून पाच मीटरवर, स्क्रम. चेंडू इंग्लंडचा. आपला कुणी आडवा झाला की दंड, दंड म्हणजे त्यांचे तीन गुण, आणि सामना गेला. त्यांना कुठे रेटायचं ते ठाऊक होतं. सगळं मैदान लॅक्लनकडे बघत होतं.

भिडले. त्या धिप्पाड गड्याने लॅक्लनच्या छातीखाली डोकं घातलं. लॅक्लनचं कोपर खाली यायला लागलं.

"कोपर!" मी किंचाळलो. एवढ्या गर्दीत त्याला काय ऐकू जाणार, कप्पाळ! पण ते कोपर थरथरत वर गेलं. आणखी वर. पाठ फळीसारखी सरळ झाली, आणि मग त्याने एक पाऊल पुढे टाकलं. एक! त्यांची फळी करकचली आणि तो धिप्पाड गडी डोकं वर काढून उभाच राहिला, बुचासारखा उसळून. शिट्टी वाजली. पंचाचा हात आपल्या बाजूला! दंड त्यांच्यावर, आणि वेळ संपलेली.

जिंकलो! सगळं मैदान उठून नाचायला लागलं आणि आपले गडी लॅक्लनच्या अंगावर जाऊन पडले. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की माझंही उजवं कोपर वर आहे, आणि शेजारच्या बाईंची खिमा भरलेली पेस्ट्री माझ्या धक्क्याने त्यांच्या मांडीवर सांडलीय.

"अहो, काय हे!" त्या कडाडल्या. "तुमचा मुलगाबिलगा आहे की काय तो?"

"मुलगा कसला, बाई," मी म्हणालो, आणि मला रडू आवरेना. "ती माझी जागा आहे. माझ्या जागेवर उभा आहे तो."